जुनी कार्टून्स साधी आणि नवी मारकुटी? वही-पेन्सिल घेऊन बसा आणि मोजा

"आमच्या वेळची कार्टून्स किती साधी होती हो काकू, आता नुसती मारामारी." मुलांना न्यायला आलेले आजी-आजोबा हे म्हणतात, आणि हल्ली नव्वदच्या दशकात वाढलेले आई-बाबाही म्हणायला लागलेत. मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. तीन ते नऊ वर्षांची मुलं. संध्याकाळी आई-वडिलांची लोकल येईपर्यंत थोडा वेळ टीव्ही लागतो आणि त्यावर काय लावायचं हे मीच ठरवते. त्यामुळे या प्रश्नावर नुसतं मत देऊन माझं भागत नाही. नवी मालिका मुलांपुढे लावण्याआधी मी तिचे एक-दोन भाग वही घेऊन बघते. ही पद्धत कुणालाही घरी जमेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे काय मोजायचं ते ठरवणं. यात घाई करू नका, कारण माप बदललं की उत्तर बदलतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००० साली एक अभ्यास आला होता. १९३७ ते १९९९ या काळातले, 'सर्वांसाठी योग्य' असा शिक्का असलेले ७४ ॲनिमेशनपट त्यात तपासले होते. हिंसेचा एकही प्रसंग नाही असा एकही चित्रपट निघाला नाही. सरासरी साडेनऊ मिनिटांची हिंसा होती, आणि नव्या चित्रपटांकडे यावं तशी ही मिनिटं वाढत गेलेली दिसली. म्हणजे आजोबांचं म्हणणं बरोबर! पण २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरा अभ्यास आला. तिथे मिनिटं मोजली नव्हती, मृत्यू मोजले होते. मुलांच्या ४५ गाजलेल्या ॲनिमेशनपटांत महत्त्वाची पात्रं मरण्याचा धोका मोठ्यांच्या चित्रपटांपेक्षा अडीच पट निघाला, आणि १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून त्यात फरक पडल्याचं काही दिसलं नाही. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. एकाने मारामारीची लांबी मोजली, दुसऱ्याने मरण.

घरासाठी मी एक सोपी व्याख्या धरते. एका पात्राने दुसऱ्याला मुद्दाम इजा केली, करायचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली, की एक नोंद. एकाने दुसऱ्याला सलग दहा ठोसे मारले तरी नोंद एकच. प्रसंग बदलला किंवा मारणारा बदलला की नवी नोंद. पाय घसरून पडणं, डोक्यात आपोआप कुंडी पडणं यासाठी वेगळा रकाना ठेवा. हा रकाना का वेगळा हवा ते सांगते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज गर्बनर १९६७ पासून वर्षानुवर्षं अमेरिकन टीव्हीवरची हिंसा मोजत होते. रात्रीच्या मोठ्यांच्या कार्यक्रमांत तासाला साधारण पाच-सहा प्रसंग, तर शनिवार-रविवारच्या मुलांच्या कार्यक्रमांत वीसच्या आसपास, असं त्यांच्या मोजणीत येत असे. पण ते विनोदी आदळआपट आणि अपघातसुद्धा हिंसेतच धरत, आणि त्यावर त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला गेला. मला त्यांचं म्हणणं पटतं की विनोदी मारही मारच असतो. अपघात मात्र मी वेगळा ठेवते.

आता काय बघायचं ते निवडा. एक जुनं आणि एक नवं, दोन्ही तितक्याच मिनिटांचं. आणि 'जुनं' म्हणजे किती जुनं ते आधी तपासा. टॉम अँड जेरी आपल्याकडच्या पुष्कळ घरांत पोचलं ते १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आल्यावर. म्हणून आताचे आई-बाबा त्याला आपल्या लहानपणचं कार्टून म्हणतात. प्रत्यक्षात हॅना आणि बार्बेरा या जोडीने ते १९४० साली सुरू केलं आणि १९५८ पर्यंत ११४ लघुपट काढले. तेही थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला, सगळ्या वयाच्या प्रेक्षकांसाठी. तीन वर्षांच्या पोराला एकट्याला समोर बसवून दाखवायची ती गोष्टच नव्हती.

त्यातला १९४३ चा 'यँकी डूडल माउस' हा भाग मोजायला घ्या. दुसरं महायुद्ध चालू असतानाचा हा भाग. घराच्या तळघरात मांजर-उंदराचं रीतसर युद्ध चालतं. जेरी अंडी हातबॉम्बसारखी फेकतो, विमान करून वरून विजेचे बल्ब टाकतो, फटाके फुटतात, शेवटी टॉम रॉकेटला बांधलेला आकाशात जातो. नोंदी करताना हात पुरत नाही. या भागाला ऑस्कर मिळालं होतं. हे बघितल्यावर 'आमच्या वेळची साधी कार्टून्स' असं कुणी पुन्हा म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

पण नुसत्या आकड्यावर थांबू नका. खरी माहिती पुढच्या रकान्यांत आहे: कोणी मारलं, कशाने मारलं, मार खाणाऱ्याचं काय झालं, मारणाऱ्याला काय मिळालं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरच्या हिंसेचा तीन वर्षं चाललेला मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात भर याच गोष्टींवर होता. मारणारा आवडता नायक असला, त्याला शिक्षा न होता बक्षीस मिळालं, आणि मार खाणाऱ्याला दुखलेलं दिसलंच नाही, तर बघणारं मूल ते उचलण्याची शक्यता वाढते. सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण खरं आणि खोटं यातली रेघ त्यांच्या मनात अजून पक्की झालेली नसते.

माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: 'जेरी, टॉमला, इस्त्री, शेपूट चपटी, लगेच बरी, जेरी पळाला.' अशी पानभर माहिती झाली की जुन्या कार्टूनचा स्वभाव कळतो. मार भरपूर, दुखणं क्षणभर, आणि कोणीच कायमचा जिंकत नाही. मारणाऱ्याला शाबासकी द्यायला कुणी येत नाही. काळजी करण्यासारखा रकाना म्हणजे 'कशाने'. तवा, इस्त्री, सुरी, विजेची तार, उंदराचा सापळा. सगळं घरात हाताशी असणारं. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर या रकान्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्व द्या.

मग छोटा भीम लावा. ही मालिका २००८ पासूनची. मार कमी, बोलणं आणि गोष्ट जास्त. पण भीमने लाडू खाल्ला की ताकद येते, दुष्ट माणूस हवेत भिरकावला जातो आणि ढोलकपूरचे लोक जयजयकार करतात. म्हणजे 'मारणाऱ्याला काय मिळालं' हा रकाना, जो टॉम अँड जेरीमध्ये रिकामा राहिला होता, तो इथे भरतो. ही रीतही नवी नाही. पडद्यावर १९३३ मध्ये आलेला पॉपाय पालक खाऊन हेच करत होता.

मला यात काय दिसतं ते मुलांच्या खेळावरून सांगते. टॉम अँड जेरी बघून उठलेली मुलं पळापळी करतात, धडपडतात, हसतात. नायक-राक्षसाचं काही बघून उठली की दोन गट पडतात. नायक कोण व्हायचं यावर भांडण होतं, आणि राक्षस व्हावं लागतं ते दर वेळी सगळ्यात धाकट्याला. मोठी मुलं त्याला मनापासून बडवतात, कारण राक्षसाला मारणं हे चांगलं काम आहे हे त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. आमच्याकडे म्हणून नियम आहे की राक्षसाची पाळी फिरती राहील आणि ठोसा हवेत थांबेल, अंगाला लागणार नाही. मुलं हे आनंदाने पाळतात. घरी भावंडं असतील तर हा नियम लावून बघाच.

'अहो, कार्टूनच तर आहे, मुलांना कळतं' असं कुणी म्हणालं तर त्यांना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंदुरा यांचा १९६३ चा प्रयोग सांगा. मुलांच्या एका गटाने मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना समोर पाहिलं, एका गटाने फिल्ममध्ये पाहिलं, आणि एका गटाने काळ्या मांजराच्या वेषातलं पात्र कार्टूनसारख्या फिल्ममध्ये तेच करताना पाहिलं. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा तिन्ही गटांनी नंतर जास्त मारझोड केली. मांजराचा वेष होता म्हणून कुणी सोडून दिलं नाही.

मधल्या काळाचा आलेखही सरळ चढत गेलेला नाही. १९६८ मध्ये अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध अमेरिकेत ओरड झाली आणि वाहिन्यांनी हाणामारीची सुपरहिरो कार्टून्स काढून टाकली. १९६९ मध्ये आलेलं स्कूबी-डू हे त्या सौम्य लाटेतलं. १९८३ च्या ही-मॅनसारख्या खेळणी विकणाऱ्या मालिका आल्या आणि तलवारी परतल्या. आणि आपल्या गोष्टी तरी? चिमणीच्या घरी आलेला कावळा तव्यावर बसून भाजतो, ती गोष्ट आपण झोपताना सांगत आलो आहोत. फरक इतकाच की आजी शेजारी असते, आणि मूल घाबरलं की तिला लगेच कळतं.

बदललंय ते इथे, असं माझं ठाम मत आहे. दूरदर्शनवर रविवारी सकाळी कार्टून लागायचं, संपायचं, आणि मुलं खाली खेळायला जायची. आता ते संपत नाही. म्हणून दहा मिनिटांतल्या नोंदी मोजून झाल्या की दिवसभराच्या बघण्यात अशी दहा-दहा मिनिटं किती वेळा येतात त्या आकड्याने त्यांना गुणा. कमी मारामारीचं कार्टून तीन तास बघणारं मूल जास्त मारामारीचा एक भाग बघणाऱ्यापेक्षा जास्त ठोसे बघू शकतं, हे त्या गुणाकारात लख्ख दिसतं.

जमल्यास दृश्यं किती भराभर बदलतात तेही लिहा. २०११ च्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी फक्त नऊ मिनिटं अतिवेगवान कार्टून पाहिलं, आणि लगेच दिलेल्या एकाग्रतेच्या आणि संयमाच्या कामांत ती चित्रं काढत बसलेल्या मुलांच्या मागे पडली. मारामारीचा तिथे संबंधही नव्हता. संध्याकाळी जेवायच्या वेळी चिडचिड होत असेल तर आधी हे तपासा.

मोबाइलवर बघत असतील तर आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय आजच बंद करा. ओळखीच्या पात्रांचे चेहरे लावून भयानक प्रसंग दाखवणारे बनावट व्हिडिओ २०१७ मध्ये यूट्यूबवर मोठ्या प्रमाणात सापडले होते. मुलांच्या ॲपमध्ये फक्त आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय असते, ती चालू करा. ओटीटीवर वयाचा शिक्का असतो, २०२१ च्या नियमांनुसार यू, यू/ए ७+, यू/ए १३+ असा. चार वर्षांच्या मुलासाठी यू/ए ७+ लावताना तो भाग आधी स्वतः बघा.

वही भरल्यावर मुलांना शेजारी घेऊन तोच भाग पुन्हा बघा आणि एकच प्रश्न विचारा: "याला लागलं असेल का रे?" भाषण नको. पाच वर्षांचं पोर थांबून विचार करतं, "हो, पण दाखवलं नाही," म्हणतं, आणि तिथून पुढे तुमचा रकाना तेच भरायला लागतं.

टीव्हीवरच्या एखाद्या भागात खरोखर आक्षेपार्ह काही दिसलं, तर वाहिनी, तारीख, वेळ आणि प्रसंग लिहून ठेवा. मुलांच्या कार्यक्रमांत वाईट भाषा आणि उघड हिंसेची दृश्यं नसावीत याची काळजी घ्यावी, असं केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला २०११ पासून ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल आहे. तक्रारीत 'हल्लीची कार्टून्स वाईट' असं मोघम लिहू नका. वहीतली ती ओळच जशीच्या तशी उतरवा: कोणी, कोणाला, कशाने, आणि पुढे काय झालं.