होडीत पाणी भरलं तरी होडी तरंगली पाहिजे, त्यासाठी काय कराल

आपल्याकडे मालवण-देवबाग पट्ट्यात 16-17 फुटी उघड्या फायबर होड्या भरपूर, मागे 40 एचपीचं मशीन. अशा होडीला नडतं ते आत आलेलं पाणी. 5 मीटर लांब दीड मीटर रुंद होडी धरा, नाळेकडचं (होडीच्या पुढच्या टोकाकडचं) निमुळतं वजा केलं तरी 10 सेंमी पाणी म्हणजे 600 किलोच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ माणसं जादा चढली, आणि ही माणसं गप बसत नाहीत, होडी जिकडे कलते तिकडे सगळी एकदम धावतात.

म्हणून फोम भरायचा. 1 लिटर फोम साधारण 1 किलो उचलतो. फायबरची 300 किलोची बॉडी पाण्याखाली 100 च भरते, 75 किलोचं मशीन पाण्यात 50, नांगर बॅटरी वगैरे 30, वर पाच माणसं होडीला धरून राहणार त्यांचे प्रत्येकी 20 धरा, झाले 280. मी म्हणतो सरळ 300 लिटर भरा. फोम पाणी न पिणारा पीयू (पॉलीयुरेथेन) घ्या, सोफ्यातला स्पंज नको, आणि थर्माकोल स्वस्त पडतो खरा पण पेट्रोल सांडलं की विरघळतो. झाकण घट्ट असलेले रिकामे कॅनही चालतात, फक्त करकचून बांधा, सुटला की गेला.

आता जागा, इथेच बहुतेक जण चुकतात. तळाला जागा मोकळी दिसते म्हणून फोम तिथेच कोंबतात, मग पाणी भरलं की तळ वर येतो आणि होडी पालथी. फोम दोन्ही बाजूंना काठाखाली, जमेल तेवढा वर, आणि मागे जास्त कारण मशीन मागे ओढतं.

झालं की टेस्ट घ्या. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात मशीन उतरवून त्याच वजनाचे दगड गोणीत घालून मागे बांधा, होडी मुद्दाम पाण्याने भरा, दोघं एका काठावर बसा. लोक हसतील, हसू दे.

वाऱ्यात सापडलात तर नाळ लाटेवर जरा तिरकी धरून हळू चालवा, लाट आडवी घेऊ नका. नांगर मागून कधीच टाकायचा नाही, मागची फळी आधीच बुटकी. मशीन बंद पडलं तर दोरीला बादली बांधून नाळेवरून सोडा, तोंड लाटेकडे राहतं. किल स्विचची दोरी मनगटाला, माणूस पडला की दोरी ओढली जाऊन मशीन बंद होतं. खाडीच्या मुखाशी ओहोटी आणि तिच्या उलट समुद्राकडून वारा असेल तर लाट उभी राहते, थोडं थांबून भरतीवर आत या.

आणि होडी उलटलीच तर किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका, होडीला धरून राहा. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये असेल तर कोस्ट गार्डचा 1554 लावा. तळाला बाहेरून नारिंगी रंग मारून घ्या, उलटी होडी शोधणाऱ्याला लांबूनच दिसते, माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही.