विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा कशी शोधावी? सांगली-साताऱ्याच्या पालकांसाठी

‘सांगलीत अशा मुलांसाठी चांगली शाळा कुठली?’ असं पालक विचारतात तेव्हा मी लगेच नाव सांगत नाही. ऐकू न येणारा मुलगा, स्वमग्न मुलगी, हातापायात ताठरपणा असलेलं पण डोक्यानं तल्लख लेकरू, यांना एकच शाळा कशी मानवेल? त्यामुळे सुरुवात मुलापासून करायची. शाळांची नावं नंतर.

आधी एक पान लिहून काढा

घरी निवांत बसून मुलाबद्दल एक पान लिहा. स्वतःच्या हातानं काय काय करतो, लघवी-संडासला लागल्याचं सांगतो का, अनोळखी माणसाजवळ किती वेळ थांबतो, कशानं बिथरतो (कुकरची शिट्टी, वरातीतला बँजो), कशानं शांत होतो. दिवसभर आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांना नक्की विचारा. आईबापाला माहीत नसलेल्या गोष्टी तिथं कळतात.

पानाच्या शेवटी दोन-तीन ओळी लिहा, येत्या वर्षात त्याला काय यायला हवं याच्या. ‘शहाणा व्हावा’ असं लिहून उपयोग नाही. ‘लघवीला लागलं की खुणेनं सांगावं’, ‘चार मुलांत अर्धा तास बसावं’, ‘दुकानातून सुटे पैसे मोजून आणावेत’ असं लिहा. शाळेत गेल्यावर याच ओळी पुढे ठेवून विचारायचं, हे इथं कोण शिकवणार आणि कसं?

तपासणी आणि दाखला

‘त्याचा बाप पण चौथ्या वर्षी बोलला’ हे वाक्य आपल्याकडं घरोघर आहे. बोलला असेल, पण मूल बोलत नसेल तर पहिल्यांदा कान तपासायचे. लहान मुलांसाठी ‘बेरा’ नावाची तपासणी असते, त्यात मुलाला काही सांगावं-बोलावं लागत नाही. कान तपासल्याशिवाय कुणालाही ‘मतिमंद’ असा शिक्का मारू देऊ नका. नुसतं ऐकू येत नव्हतं म्हणून मागं पडलेली मुलं असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. अंगणवाडीच्या ताईंना सांगून आपल्या मुलाचं नाव त्या तपासणीत घालून घ्या. तिथून पुढं डीईआयसीला, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. स्वतःला जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. मग तपासणी सिव्हिलला: सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. कान, डोळे, हाडं, बौद्धिक क्षमता, यांतली कुठली तपासणी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या, म्हणजे जतहून किंवा म्हसवडहून लेकराला घेऊन फुकटचा हेलपाटा होत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांची अट आहे. लहान मुलांना अनेकदा तात्पुरता दाखला मिळतो, त्याची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वाचन-लेखनाच्या अडचणीचा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारण आठ वर्षांनंतरच मिळतो.

दाखला हातात येईपर्यंत मुलाला घरी बसवू नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नाव घालायला तो लागत नाही. आणि सगळे कागद मोबाइलवर, डिजिलॉकरवरही ठेवा. सांगलीकरांना 2019 चा पूर सांगायला नको.

कुठल्या वाटा आहेत

गावातली नेहमीची शाळा ही पहिली. अध्ययन अक्षमता, कमी दिसणं, चालण्यातली अडचण, सौम्य स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, यांत माझा कल सरळ तिकडं असतो. गल्लीतली मुलं तिथंच असतात, आणि मोठेपणी गावात राहायचं तर ओळखीही तिथल्याच लागतात. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून शाळांवर येतात. पंचायत समितीत जाऊन गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा, आमच्या केंद्राला कोण आहे आणि किती दिवसांनी येतात. त्यांच्याकडं बरीच गावं असतात. त्यामुळं रोजचं शिकवणं वर्गाच्या बाईच करणार, हे धरून चाला.

इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालायचं असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागा आहेत. त्यात दिव्यांग मूल वंचित घटकात येतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, 40 टक्क्यांचा दिव्यांगत्वाचा मात्र लागतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि निवड सोडतीनं होते. शाळा जूनमध्ये उघडत असली तरी हे अर्ज कितीतरी आधी सुरू होतात. नवीन वर्ष लागलं की लक्ष ठेवा.

दुसरी वाट विशेष शाळेची. मान्यताप्राप्त शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा त्या यादीत नाव आहे का ते बघा. पूर्ण बहिऱ्या मुलाच्या बाबतीत मी विशेष शाळेकडं झुकते, कारण चाळीस मुलांच्या वर्गात तो एकटा असेल तर दिवसभर फक्त हलणारे ओठ बघत बसतो. तिथं मात्र विचारा, खुणांची भाषा शिकवता की फक्त बोलायला लावता? दोन्ही करत असतील तर उत्तम.

वसतिगृहाच्या शाळा आपल्याकडं बऱ्याच जण नाइलाजानं निवडतात. आटपाडी, जत, माण, खटाव भागातून रोज ये-जा होतच नाही. लेकरू अगदी लहान असेल आणि घरी कुणी असेल, तर थोडी वर्षं थांबा असं मी सांगते. पाठवायचंच असेल तर रात्रीची चौकशी करा. मुलांजवळ झोपतं कोण, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, न कळवता भेटायला आलं तर चालतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणी मी मूल ठेवणार नाही.

चौथी वाट घरी शिक्षणाची. आरटीई कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना हा पर्याय आला. तो मुलाच्या सोयीसाठी आहे, शाळेच्या नाही. ‘तुमचं घरीच बरं’ असं शाळेनंच सुचवलं तर सावध व्हा.

शाळा डब्याच्या वेळी बघा

ऑफिसात बसून शाळा कळत नाही. तिथं ट्रॉफ्या असतात, स्नेहसंमेलनाचे फोटो असतात आणि चहा येतो. पहिल्यांदा मूल न नेता जा, आणि मधल्या सुट्टीच्या जरा आधी पोचा.

व्हरांड्यात उभं राहून एकाच मुलावर नजर ठेवा. त्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय. तो ओढतो, निघत नाही. शेजारची मावशी पटकन उघडून देते, की बोट धरून ‘इथनं दाब’ म्हणून दाखवते, की कुणाचं लक्षच नाही? भाजी सांडली की ओरडा बसतो, की फडकं हातात मिळतं? त्या दहा मिनिटांत शाळेचं सगळं शिक्षणशास्त्र दिसतं.

मग स्वच्छतागृहात जा. लाजू नका. पाणी आहे का, कडी मुलाच्या हाताला येते का, धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी आहे का. मुख्याध्यापकांना विचारा, ‘सर, याला बाथरूमला कोण नेणार?’ ‘मावशी आहेत ना.’ ‘आणि त्या रजेवर असल्या की?’ याचं उत्तर ठरलेलं असेल तर शाळेनं विचार केलेला आहे. मुलगी असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा.

वर्गात दोन मुलांच्या वह्या मागा, जूनपासूनच्या. दोघांच्या वहीत अगदी तीच ओळ, तीच चित्रं असतील तर फळ्यावरचं उतरवून घेणं चाललंय. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा हवा. शिक्षक त्याला आयईपीच म्हणतात. नाव झाकून एखादा दाखवा म्हणा. विशेष शिक्षकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी रागवायचं कारण नाही.

आणखी एक विचारा: ‘एखादं मूल फार बिथरलं तर काय करता?’ ‘आमच्याकडं तसं होत नाही’ हे उत्तर मला आवडत नाही. ते सगळीकडं होतं. ‘आधी बाहेर नेतो, बाकीच्यांचा आवाज कमी करतो, मग घरी विचारतो आज सकाळी काय झालं होतं’ असं कुणी सांगितलं तर ते माणूस मुलांत वावरलेलं आहे. मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे. ‘थोडा धाक लागतो’ म्हणणारे भेटतील, तिथून उठा. सहा महिन्यांत स्वमग्नता घालवतो म्हणणाऱ्या केंद्रांनाही तोच न्याय. स्वमग्नता हा आजार नाही, घालवायचं औषध नाही. संवाद आणि रोजची कामं शिकवता येतात, आणि ती शिकवायला वेळ लागतो.

येण्या-जाण्याचं गणित

एखाद्या सोमवारी सकाळी घरापासून शाळेपर्यंत मुलाला घेऊन खरोखर जाऊन बघा. वडापमध्ये कोंबून दीड तास आलेलं लेकरू पहिल्या तासालाच पेंगतं. पावसाळ्यात शिराळा, पाटण, जावळीकडचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. दोन शाळा जवळपास सारख्या वाटल्या तर जवळची घ्या. एस.टी.त दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. फिट येणारं मूल असेल तर रिक्षावाल्या काकांना काय करायचं ते दाखवा, आणि मुलाच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा.

नकार आला तर

नकार गोड बोलून येतो: ‘आमच्याकडं सोय नाही हो, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल.’ वाद घालू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच मागितली की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्यानं दिलाय.

तक्रारीची पायरी गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मग पुण्याचे दिव्यांग आयुक्त अशी. त्याआधी तालुक्याच्या विशेष शिक्षकांना सोबत घेऊन एकदा शाळेत जा. नकारामागं बऱ्याचदा भीती असते, आणि वर्गाच्या बाईंना ‘आठवड्याला कुणीतरी मदतीला येईल’ एवढं कळलं तरी काम होतं.

प्रवेश झाल्यावर

सुरुवातीला दोन तासच बसवा, मग हळूहळू वेळ वाढवा. ते पहिलं पान बाईंना द्या. पहिल्या पंधरवड्यातलं रडणं मनावर घेऊ नका, पण महिना झाल्यावर बंद झालेली अंथरुणातली लघवी पुन्हा सुरू झाली, डबा तसाच परत यायला लागला किंवा अंगावर वळ दिसले, तर त्याच दिवशी शाळेत जा. दिवाळीच्या सुट्टीत पानावरच्या ओळी काढून बघा, एखादी तरी पुढं सरकलीय का.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा. थेरपीचा खर्चही त्यात बसतो, म्हणून तो काढून ठेवा.

नववीत गेलेल्या मुलांच्या पालकांनी दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेला तेव्हाच करायला लावावा: वाढीव वेळ, लेखनिक वगैरे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं मंडळ कोल्हापूरला आहे, आणि परीक्षा तोंडावर आल्यावर दाखल्यासाठी सिव्हिलच्या रांगेत उभं राहण्यात हशील नाही. नेहमीची दहावी झेपणार नसेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथं पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय थोडे थोडे सोडवता येतात. विशेष शाळेत असलेल्या मुलांसाठी अठराव्या वर्षानंतर कार्यशाळा (हाताला काम शिकवणारं केंद्र) कुठं आहे याची चौकशी सोळाव्या वर्षीच सुरू करा, कारण तिथं जागा कमी असतात.