आउटकास्ट ऐकताना हातानं मात्रा मोजा

'हे या!' हे गाणं आवडलं म्हणून आउटकास्ट या अमेरिकन रॅप जोडीकडे वळला असाल, तर २००३चा तो दोन डिस्कचा अल्बम आधी बाजूला ठेवा. एक डिस्क बिग बॉयची, दुसरी आंद्रे ३०००ची. दोघं एकत्र फारसे भेटतच नाहीत त्यात. त्याला ग्रॅमी मिळालं, खपही तुफान झाला, पण जोडी ऐकायची ती आधीच्या चार अल्बममध्ये.

पहिला १९९४चा. पोरं विशीच्या आतली. अटलांटात त्यांचा निर्माता रिको वेड याच्या आईच्या घराचं तळघर हा त्यांचा अड्डा. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला नवोदितांचं बक्षीस घ्यायला गेले, तर लोकांनी हुर्यो उडवली. अमेरिकेच्या दक्षिणेलाही काही सांगायचंय, असं आंद्रेनं तिथेच माइकवर सुनावलं.

मग थेट १९९८च्या 'अक्वेमिनाय'वर या. मी तबला शिकवतो, त्यामुळे माझी पद्धत हातानं ठेका धरण्याची. पहिल्या फेरीत शब्द सोडून द्या. अटलांटाचे उच्चार तसेही लगेच हाती लागत नाहीत. दुसऱ्या फेरीत फक्त बिग बॉय ऐका: अक्षरं दाट, तबल्यातल्या रेल्यासारखी सलग धावणारी, मात्रेला चिकटून. मग आंद्रे: लयीच्या मागे रेंगाळतो, वाक्य अर्ध्यात सोडतो आणि आपण हात आवरता घेतला की नेमका समेवर येतो. लोक बिग बॉयला दुय्यम मानतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याच्यासारखा लयीला पक्का गडी असल्याशिवाय आंद्रेला एवढं भटकता आलं नसतं. 'रोझा पार्क्स'मध्ये मध्येच माउथ ऑर्गन येतो, तो आंद्रेच्या सावत्र वडिलांनी वाजवलाय. ते पाद्री होते.

२०००च्या 'स्टँकोनिया'त लय एकदम चढते. हात दुखेल, दुगुन म्हणजे दुप्पट लय सोडून बरोबरीत मोजा.

आता 'हे या!'कडे परत या आणि टाळी देत मोजा. चार-चारचे तीन खंड, मग दोनाचा एक, मग पुन्हा चारचे दोन. २२ मात्रांचं आवर्तन! जगभर लोक त्यावर नाचले आणि कुणाचा पाय अडखळला नाही. मोजणारा मात्र त्या दोनाच्या खंडात हमखास घसरतो. तिथे टाळीऐवजी मांडीवर थाप द्या, जमेल.

२००६चा अल्बम नाही ऐकला तरी चालेल. बिग बॉयचा २०१०चा एकट्याचा मात्र ऐकाच. आंद्रेच्या २०२३च्या अल्बममध्ये तो बासरी वाजवतो, रॅपची एक ओळ नाही. पहिलीच रचना १२ मिनिटांच्या वर. तिथे मोजत बसू नका.