देव न मानणाऱ्यांनी सण कसे करावेत?

गौरी येण्याच्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या घरी एक रीत होती. तेरड्याची रोपे आणि खडे तांब्यात घेऊन आई उंबऱ्याबाहेर उभी राही आणि म्हणे, "गौर आली." आतल्या माणसाने विचारायचे, "कशाच्या पावलांनी आली?" मग "सोन्याच्या पावलांनी आली," असे म्हणत ती आत येई. मी देव मानणे सोडले त्या वर्षी घरात आम्ही दोघेच होतो, आणि मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. आईने दोनदा "गौर आली" म्हटले, ती थोडी थांबली, आणि मग तिनेच विचारले व तिनेच उत्तर दिले. देव न मानण्याचा माझा निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण त्या सकाळी मी गप्प राहिलो ही माझी चूक होती. नेमके काय चुकले, याचा पुढे अनेक वर्षे विचार करताना जे हाती लागले, ते अशाच पेचात सापडलेल्यांसाठी लिहीत आहे.

सण आधी सुटा करून पाहावा

सण हा एकसंध ठोकळा आहे आणि तो एक तर पूर्ण स्वीकारायचा किंवा पूर्ण नाकारायचा, हा समजच बहुतेक भांडणांच्या मुळाशी असतो. म्हणून सणाच्या आठ-पंधरा दिवस आधी त्यात नेमके काय काय केले जाते, ते एका कागदावर लिहून काढावे. गौरी-गणपतीचेच घ्या. मूर्ती आणणे, तेरडा शोधून आणणे, संकल्प, पूजा, आरती, पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, शंकरोबाचे (गौरीच्या नवऱ्याचे) येणे, माहेरवाशिणींचा मुक्काम, झिम्मा-फुगडी, शेजाऱ्यांकडे जाणे-येणे आणि शेवटी विसर्जनाला पंचगंगा नदीचा घाट. एवढ्या मोठ्या यादीत देवाच्या अस्तित्वावर ज्याचे सगळे अवलंबून आहे अशा गोष्टी तीन-चारच निघतात. बाकीचे सगळे ऋतूचे, नात्याचे, अन्नाचे आणि कष्टाचे असते.

काही सणांत तर ऋतूच पुढे दिसतो. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला धुऊन रंगवतात आणि पुरणपोळी चारतात. ज्यांच्या दारात बैल नाही ते मातीचे बैल आणतात. आषाढात पंचगंगेला आलेले नवे पाणी कलशांत भरून, पी-ढबाकच्या वाद्यावर, टेंबलाई देवीच्या टेकडीवर नेऊन पायऱ्यांवर ओततात. पावसाने नदी भरली याचा आनंद गावाने मिळून करण्याची ही पद्धत आहे, आणि तो आनंद वाटायला श्रद्धेची अट असण्याचे मला कारण दिसत नाही.

यादी झाली की प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहावा: हे करताना मी माझ्या तोंडाने, माझ्या नावाने, मला खरे न वाटणारे काही बोलतो आहे का? संकल्पात माणूस आपले नाव आणि गोत्र सांगून अमुक फळासाठी अमुक कर्म करतो असे म्हणतो. ते माझे विधान होते, म्हणून मी संकल्प सोडत नाही. नवस बोलत नाही. आरतीला उभा राहतो, टाळ वाजवतो, पण म्हणत नाही. आरती गाणे म्हणून म्हणणारे माझे निरीश्वरवादी मित्र आहेत आणि त्यांच्याशी माझा वाद नाही, कारण ही रेघ प्रत्येकाने स्वतः ओढायची असते. प्रसाद मात्र खुशाल खावा. तो कोणत्याही विधानाखाली केलेली सही नाही. कुणीतरी पहाटे उठून केलेला शिरा आहे. आणि "कशाच्या पावलांनी आली?" हा तर निव्वळ प्रश्न होता, दारात उभ्या असलेल्या आईला मुलाने विचारायचा. तो माझ्या मताच्या आड कुठेच येत नव्हता, पण मी यादी केलीच नव्हती.

रीत कुणाला बाहेर ठेवते, ते तपासावे

दुसरी चाळणी मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते, आणि कोल्हापूरच्या माणसाला ती बाहेरून शिकावी लागत नाही. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त (वेदांतल्या) मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानलेले पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हणत आहे, आणि छत्रपतींनाही शूद्र मानले जात असल्यामुळेच हे घडते आहे, ही गोष्ट शाहू महाराजांसमोर आली. महाराज नास्तिक नव्हते. त्यांनी दसरा बंद केला नाही, देवळे बंद केली नाहीत. त्यांनी पुरोहिताच्या मक्तेदारीलाच हात घातला, सत्यशोधक चळवळीला बळ दिले आणि १९२० साली ब्राह्मणेतर धर्मगुरूचे, क्षात्रजगद्गुरूंचे, पीठ उभे केले. सण राहू द्यावा आणि त्यातला अपमान काढावा, ही वाट या गावात शंभर वर्षांपूर्वीच घातली गेली आहे.

म्हणून देवावर विश्वास आहे की नाही याच्या इतकेच, या रीतीने घरातले किंवा गल्लीतले कोण बाजूला पडते, हेही विचारावे. हळदी-कुंकवाला विधवा काकूंना बोलावत नसतील, तर तिथे तडजोड करू नये. त्यांना सर्वांत आधी बोलावणे जावे, नाहीतर कार्यक्रमच करू नये. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एका खेड्याने जे ठरावाने केले, ते एका घराने बोलून करायला अवघड नसावे.

याच चाळणीत आणखी एक गोष्ट अडकते, आणि ती आम्हा पुरुषांना लागू आहे. "मी देव मानत नाही, पण संस्कृती म्हणून सण करतो," असे म्हणणाऱ्या कितीतरी घरांत पुरण वाटणारी, पोळ्या लाटणारी आणि सर्वांत शेवटी जेवणारी व्यक्ती एकच असते. श्रद्धा नसताना सण करायचा असेल, तर त्याचे कष्ट आधी वाटून घेतले पाहिजेत. श्रद्धाळू बाई निदान ते कष्ट कुणासाठी तरी करते. आपण ते तिच्याकडून नुसत्या चवीसाठी करवून घेणे मला अन्यायाचे वाटते.

घरात आधी सांगावे आणि काम मागून घ्यावे

नकार ऐन वेळी देऊ नये. ताम्हन पुढे आल्यावर "मी बसणार नाही" म्हटले की घरच्यांना तो चारचौघांतला अपमान वाटतो; तेच वाक्य पंधरा दिवस आधी, चहा पिताना, एकट्या आईशी बोलले तर ती पूजेला धाकट्या भावाला बसवायची व्यवस्था करते. सांगताना आपले मत पटवून देण्याचा मोह टाळावा. तो दिवस त्या वादाचा नसतो. "मी पूजेला बसणार नाही, पण बाजारहाट, भाजी निवडणे आणि भांडी माझ्याकडे," एवढे पुरे होते. मी हे सांगितले तेव्हा आई थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "हात जोडू नगंस, पर नारळ तेवढा फोडून दे." पुढे दर वर्षी नारळ मीच फोडला.

आपल्या स्वतंत्र घरात काय करावे हा प्रश्न सोपा आहे, कारण तिथे नियम आपला असतो. आई-वडिलांच्या किंवा सासरच्या घरात मात्र आपण पाहुणे आहोत असे धरून वागावे, आणि त्यांनीही आपल्या घरी येऊन देव्हारा मांडण्याचा आग्रह धरू नये, हे एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावे. पती-पत्नींपैकी एकाची श्रद्धा असेल, तर घरात देव्हाऱ्याला एक कोपरा हक्काने मिळाला पाहिजे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दोघांनाही सारखेच आहे.

गल्ली, तालीम आणि वर्गणी

वर्गणी मागायला आलेल्या तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, पोरांना दारातून परत पाठवू नये. महापुरात पाणी गल्लीत शिरते, तेव्हा म्हातारी माणसे खांद्यावर घेऊन बाहेर काढायला हीच पोरे येतात. धर्मादाय कार्यालयाची परवानगी आहे का ते विचारावे, पावती घ्यावी आणि पैसे कशासाठी देत आहोत ते स्पष्ट सांगावे: रक्तदान शिबिराला, वाचनालयाला, महाप्रसादाच्या तांदळाला देतो, डॉल्बीला देणार नाही. शक्य असेल तर विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभे राहावे. निर्माल्य गोळा करणे आणि मूर्तिदान यांचे काम कोल्हापुरात विवेकवादी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केले आहे; गुळाच्या काहिली (गूळ करायच्या मोठ्या कढया) विसर्जनासाठी ठेवायच्या आणि दान आलेल्या मूर्ती इराणी खणीत (पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत) न्यायच्या, ही व्यवस्था आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे. तिथे श्रद्धाळू माणसाच्या हातातली मूर्ती दोन्ही हातांनी, आदराने घ्यावी. ती त्याची दहा दिवसांची माया आहे.

दुसऱ्या धर्मांच्या सणांत आपल्याला असा पेच कधी पडत नाही, याकडेही लक्ष द्यावे. ईदचा शीरखुर्मा आपण आनंदाने खातो, नाताळात वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये जाऊन येतो, आणि मोहरमचे पंजे पाहायला तर कोल्हापूरच्या हिंदू घरांतली माणसे पिढ्यानपिढ्या जात आली आहेत. तिथे आपल्याला कुणी श्रद्धावान म्हणून मोजत नाही, म्हणून मन मोकळे असते. स्वतःच्या घरात मात्र आपली गणना होईल ही धास्ती असते. ही धास्ती ओळखता आली की घरातला प्रसाद आणि मित्राघरचा शीरखुर्मा एकाच मनाने खाता येतो.

मुलांना काय सांगावे

मुलांना सणापासून दूर ठेवू नये आणि खोटेही सांगू नये. "गणपती खरंच घरी येतो का?" असे विचारल्यावर "आजीला तसं वाटतं, मला तसं वाटत नाही, आणि तू मोठी झालीस की तुझं तू ठरव," हे उत्तर सहा वर्षांच्या मुलीलाही समजते. दसरा चौकात सोने लुटायला मुलांना जरूर न्यावे. पालख्या, शाही लवाजमा, मावळतीची वेळ, सगळे गाव एका मैदानात, हे त्यांनी पाहिलेच पाहिजे. परतल्यावर आपट्याचे एकच पान हातावर ठेवून "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणायला लावावे. झाडाच्या फांद्या ओरबाडून आणलेली जुडी घेऊ नये, आणि आपट्याच्या नावाखाली बऱ्याचदा कांचनाची पाने विकली जातात, ती दोन झाडे वेगळी कशी ओळखायची हेही त्याच वेळी दाखवावे.

देव्हारा वारशाने आपल्याकडे आला तर

हा प्रश्न सर्वांत अवघड असतो आणि तो शोकाच्या दिवसांत येतो, म्हणून आधीच बोलून ठेवलेला बरा. टाक (देवांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा) आणि मूर्ती नदीत सोडू नयेत, पिंपळाखाली ठेवून येऊ नयेत, आणि नाइलाजाने रोज मन मारून पूजाही करू नये. नात्यात ज्याला ते मनापासून हवे आहेत त्याला, सर्वांच्या समक्ष, विचारून द्यावेत. आई गेल्यावर आम्ही टाक धाकट्या भावाकडे दिले आणि गौरीही त्याच्याच घरी येऊ लागली. त्याला तेरडा कुठे उगवतो ते माहीत नाही, म्हणून त्या दिवशी पहाटे पन्हाळ्याच्या वाटेवरच्या उतारावर जाऊन रोपे मीच मुळासकट उपटून आणतो. धुऊन वहिनीच्या तांब्यात ठेवतो, तिच्या आधी घरात शिरतो आणि दाराच्या आतल्या बाजूला उभा राहतो.