रुपेरी वेल आणि मिश्र कुंडी : या चुका टाळा

डायकोंड्राची ‘सिल्व्हर फॉल्स’ ही कुंडीतून खाली लोंबणारी रुपेरी पानांची वेल नागपुरात टिकतच नाही, असे ती महिनाभरात गमावून बसलेले लोक ठामपणे सांगतात. ही जात मूळची टेक्सास, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोतील कोरड्या भागांतली असल्यामुळे आपल्याकडे ती उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त मरते.

सर्वांत घातक चूक म्हणजे अंगणातली काळी माती कुंडीत भरून, वेलीशेजारी कोलियस किंवा नेचा लावणे. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. आमच्या शेजारच्या काकूंची अशीच एक टांगती कुंडी होती. कोलियस दुपारी मान टाकतो म्हणून त्या दोन्ही वेळा पाणी घालत, आणि वेल पिवळी पडू लागली तेव्हा ती तहानली आहे असे समजून त्यांनी पाणी आणखी वाढवले. जुलैच्या झडीत आम्ही कुंडी उलटी केली, तेव्हा कोलियसची मुळे पांढरी होती. वेलीची मात्र तपकिरी पडली होती, त्यांना कुबट वास येत होता आणि ओढताच त्यांची साल बोटांत येत होती. कुजलेली मुळे पाणी घेऊ शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही वेल मलूल दिसते. शेंड्याकडचे चांगले तुकडे कापून ओलसर रेतीत आडवे ठेवले, त्यांना पेरांवर मुळे फुटली आणि नंतर ते सदाफुलीसोबत नव्या कुंडीत लावले.

मी माती, कन्हान नदीची जाडी रेती आणि गांडूळखत मिसळलेले कोकोपीट समप्रमाणात घेते, कुंडीखाली बशी ठेवत नाही आणि कुंडी उचलून हलकी लागल्याशिवाय पाणी घालत नाही. सोबतीला सदाफुली, लँटाना किंवा पोर्टुलाकाच लावावा.

पानांची चांदी त्यांवरील बारीक लवेमुळे दिसते. सावलीत पाने हिरवट होतात आणि पेरांतील अंतर वाढते. तरीही नर्सरीच्या जाळीखालचे रोप थेट गच्चीवर ठेवू नये आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारनंतर ग्रीन नेट बांधावी.

झटपट वाढीसाठी युरिया घालू नये; त्याने नुसते लिबलिबीत फुटवे येतात. एका कुंडीत चार रोपे कोंबण्याची घाईही मला पटत नाही, एक रोप पुरते.

वेल वरून टक्कल पडल्यासारखी दिसू लागली, तर लोंबणाऱ्या दोन-तीन फांद्या मातीवर वळवून केसांच्या पिनांनी दाबाव्यात आणि पेरांवर मुळे धरेपर्यंत त्या हलवू नयेत.