एका आयतीसाठी एक दुपार

“मावशी, कुरआनात चार बायकांची परवानगी आहे ना? मग आपल्या गोव्यात का चालत नाही?” भाचीने विचारलं. ती फोंड्याच्या कॉलेजात शिकते. इथे लग्नाची नोंद सरकारदरबारी होते आणि पहिलं लग्न असताना दुसरं करता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. मी उत्तर दिलं नाही. रेहलवर, म्हणजे कुरआन ठेवायच्या लाकडी घडवंचीवर, मराठी तर्जुम्याची (भाषांतराची) प्रत ठेवली, तिला वही-पेन्सिल दिली.

तुम्हीही असंच बसा. ऐकून पाठ झालेला तुकडा बाजूला ठेवा आणि सूरह निसा, म्हणजे कुरआनचा चौथा अध्याय, पहिल्या आयतीपासून (वचनापासून) वाचा. चौघींचा उल्लेख तिसऱ्या आयतीत येतो. दुसरीत काय आहे? अनाथांचा माल त्यांना द्या, त्यांच्या चांगल्या वस्तूऐवजी वाईट देऊ नका. तिसरी सुरू होते ती ‘अनाथांना न्याय देता येणार नाही अशी भीती वाटत असेल तर’ या शब्दांनी. भाचीने ‘तर’खाली रेघ मारली. दोन ओळी खाली पुन्हा तीच भीती: बायकांत न्याय राखता येणार नसेल, तर एकच. अरबीत पाहा, ‘ख़िफ़्तुम’ (तुम्हाला भीती वाटली) दोनदा आलंय. मग 129वी आयत काढा: कितीही वाटलं तरी बायकांत पूर्ण बरोबरी तुम्हाला जमणार नाही. जुने मुफ़स्सिर, म्हणजे कुरआनचे भाष्यकार, म्हणतात, ही बरोबरी मनाच्या ओढीची आहे, खर्चापाण्याची नव्हे. तेही वहीत लिहा, गाळू नका.

आता तिसरी आयत कशावरून उतरली ते शोधा. अनेकजण मदीनेजवळची उहुदची लढाई सांगतात: इसवी सन 625, सत्तरेक मुसलमान शहीद, मागे विधवा आणि पोरकी मुलं. बुख़ारी या हदीसच्या संग्रहात पैगंबरांच्या पत्नी हज़रत आयेशांचं सांगणं वेगळं आहे: पालकच अनाथ मुलीच्या मालमत्तेवर डोळा ठेवून, पुरता महर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) न देता तिच्याशी लग्न करू पाहत. दोन्ही सांगण्यांत मध्यभागी अनाथच आहेत.

शिकागोत शिकवणारे इस्लामचे अभ्यासक फ़ज़लुर रहमान यांनी 1982 साली हीच रीत नीट मांडली: आजच्या प्रश्नावरून त्या काळात जा, हुकमामागचा हेतू ओळखा, तो घेऊन परत आजच्या काळात या. मला यातलं परत येणं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि तिथेच घाई होते. नमाज़-रोज़्यासारख्या इबादतीला मात्र ही रीत लावायला जाऊ नका.

असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाज़ची, अज़ान झाली तेव्हा भाचीने वहीत शेवटची ओळ लिहिली होती: ‘आमच्या वाड्यावर वडील गेलेल्या त्या दोन मुलांचं पासबुक कोणाकडे आहे?’