जिना काढताना आधी फरशी, मग काँक्रीट

सुरुवातीच्या एका बंगल्यात मी जिन्याच्या सगळ्या पायऱ्या काँक्रीटमध्ये सारख्या १७५ मिमी उंचीच्या दाखवल्या होत्या. मिस्त्रींनी तशाच ओतल्या. फरशी बसल्यावर खालची पहिली पायरी १५५ची झाली आणि वरची शेवटची १९५ची. वास्तुशांतीच्या दिवशी घरमालकांच्या आई हातात नैवेद्याचं ताट घेऊन वर जाताना शेवटच्या पायरीला ठेचकाळल्या. कठडा धरून सावरल्या, पण मला ते अजून आठवतं. तेव्हापासून मी स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी पाय ठेवायचा पृष्ठभाग काढते, म्हणजे फरशी. काँक्रीट त्याच्या खाली, त्याच्या हिशेबाने.

नेहमीच्या डॉगलेग जिन्याचं, म्हणजे मध्ये उलट वळणाऱ्या जिन्याचं, उदाहरण घेऊ. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची ३१५०. तिचे १८ रायझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू, केले की प्रत्येक १७५चा. ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची आडवी बाजू, २७५चा. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून ६२५ होतात, ६०० ते ६४०च्या मध्ये चढण पायाला सोपी जाते. नॅशनल बिल्डिंग कोड घरासाठी रायझर जास्तीत जास्त १९० आणि ट्रेड कमीत कमी २५० सांगतो, त्यातही हे बसतं. दोन्ही फ्लाइटला, म्हणजे वळणाच्या खालच्या आणि वरच्या सलग पायऱ्यांना, नऊ-नऊ रायझर, म्हणजे ट्रेड आठ-आठ. नववा ट्रेड म्हणजे लँडिंग (वळणावरचा सपाट भाग) किंवा वरचा मजलाच असतो. नवीन मुलं इथे हमखास चुकतात आणि जिना एका ट्रेडने लांब होतो.

आता स्केचअप. युनिट मिलिमीटर करा. एकाच पायरीचा कॉम्पोनंट बनवा: १८ जाडीचा ग्रॅनाइट, पुढे २० नोझिंग (रायझरच्या बाहेर आलेली कड), खाली रायझरची पट्टी. कठड्याचे १२ मिमीचे तीन उभे गजही याच कॉम्पोनंटमध्ये घाला. २७५मध्ये तीन गज म्हणजे मधली फट ८०च्या आत राहते, लहान मुलाचं डोकं त्यातून जात नाही. मग मूव्ह टूल घ्या, कंट्रोल दाबा, पायरीचा कोपरा पकडून २७५ पुढे आणि १७५ वर असलेल्या बिंदूवर ठेवा आणि टाइप करा ७x. मूळ पायरी आणि सात प्रती मिळून आठ पायऱ्या तयार. उद्या मालकांना नोझिंग गोल हवी झाली तर एकाच पायरीत बदल करायचा, बाकीच्या आपोआप बदलतात.

काँक्रीटचा ग्रुप वेगळा ठेवा, टॅगही वेगळा. पायरीवर ग्रॅनाइट आणि खालचा माल मिळून ४० जातात. खोलीत टाइल आणि माल मिळून ६०. लँडिंगला पायरीसारखेच ४० धरा. या २० मिमीच्या फरकामुळेच काँक्रीटची पहिली पायरी १९५ची, शेवटची १५५ची आणि मधल्या १७५च्या काढायच्या. मॉडेलमध्ये त्या विचित्र दिसतात. दिसू द्या, फरशी बसल्यावर सगळ्या सारख्या होतात.

वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची, जाडी १५० असेल तर ती उताराला काटकोनात मोजलेली असते. पायऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधून जाणारी तिरकी रेघ मूव्हने सरळ खाली १५० उतरवली तर स्लॅब खरा १२७चाच राहतो. म्हणून टेप मेजर टूल घ्या, त्या तिरक्या रेघेवर क्लिक करून खाली ओढा आणि १५० टाइप करा. समांतर गाइड बरोबर जागी येते. उभी मोजली तर ती १७८ खाली दिसेल. मग सेक्शनची (उभ्या छेदाची) आकृती सगळ्या बाजूंनी बंद करून पुश-पुलने फ्लाइटच्या रुंदीइतकी, १०००, ओढा.

मॉडेल इथपर्यंत आलं की मालकांना एकदा दाखवा. ‘लँडिंगखाली टॉयलेट बसवा’ ही मागणी प्रत्येक घरात येते. लँडिंगची फरशी १५७५वर आहे, त्यातून ४० आणि १५० गेले की खाली १३८५ उरतात. इन्व्हर्टर आणि चपलांचं कपाट बसेल, माणूस उभा राहणार नाही. आकड्यांनी न पटणारी गोष्ट मॉडेलमध्ये माणूस उभा केला की लगेच पटते.

कठड्याचा पाइप फॉलो मी या टूलने (रेघेवरून गोल आकार फिरवून) काढा, पण वळणावर थांबून बघा. दोन्ही फ्लाइटचे रायझर लँडिंगला एकाच रेषेत असतील तर तिथे पाइप एकदम १७५ने उडी मारतो आणि फॅब्रिकेटर जागेवर कसातरी वाकवून जोडतो. दोन्ही पाइप त्याच उतारात लँडिंगवर अर्धा ट्रेड, म्हणजे १३७.५ पुढे न्या. ते बरोबर एकाच उंचीला येतात. तिथे आडवा तुकडा जोडला की म्हाताऱ्या माणसाचा हात कठड्यावरून सुटत नाही.

शेवटी मिस्त्रींसाठी एकच सेक्शन काढा, फक्त काँक्रीटचा. त्यावर प्रत्येक पायरीची वेगळी उंची लिहू नका, एकेक मिलिमीटरची चूक साठत जाते. खालच्या काँक्रीटपासून मोजलेली एकूण उंची लिहा: १९५, ३७०, ५४५, लँडिंगला १५९५, सतराव्या पायरीला २९९५ आणि वरचा स्लॅब ३१५०. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावायच्या आधी मिस्त्री याच खुणा भिंतीवर मारून घेतात आणि मी टेप घेऊन त्या तपासते.